हात न लावता शिकवलेला पिंजू

मामा, पिंजूच्या डाव्या कानामागं गाठ झाली होती आणि ती मला कुणी सांगितली नाही. आज रविवार, म्हणून सकाळचं पाणी भरून झाल्यावर त्याला घेऊन अंगणात बसले, कंगवा घातला आणि तो केकाटला, तेव्हा कळलं. चांगली सुपारीएवढी झाली होती. तुम्ही असता तर ती वाटाण्याएवढी असतानाच खुर्चीतनं आवाज आला असता, "सूनबाई, डाव्या कानामागं बघ." आणि मी नेहमीच्या तोऱ्यात म्हणाले असते, "दिसतंय मला." दिसत काहीच नसायचं.

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. तुमचं सगळं गावाकडं, सोनारीजवळच्या वस्तीवर, नीट पार पडलं. माणसं खूप आली. तुमच्याबद्दल सगळे चांगलंच बोलले, मी मात्र कुणाजवळ फारसं बोलले नाही. सासऱ्याचं आणि सुनेचं भांडण कुत्र्यावरून होतं आणि ते अडीच वर्षं चालतं, हे लोकांना सांगायचं तरी कसं? म्हणून तुमच्याशीच बोलते आहे. आता तुम्ही निदान मध्येच "जरा फाटक लावून येतो" म्हणून उठून जाणार नाही.

सासूबाई गेल्यावर तुम्ही मेंढरं विकलीत आणि धाराशिवला आमच्याकडं राहायला आलात. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी, एक घोंगडं आणि घोंगड्यात गुंडाळलेली मेंढरांची लोकर कापायची कातर. ह्यांची एसटीतली कंडक्टरची ड्यूटी, आठवड्यातले चार दिवस बाहेर. माझी कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी. घरात दिवसभर तुम्ही आणि चार महिन्यांचा पिंजू. पिंजलेल्या कापसासारखा दिसायचा म्हणून मी ते नाव ठेवलं होतं. तुम्ही पहिल्या दिवशी त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिलात.

"ह्ये काय हाय? ससा?"

"कुत्रा आहे मामा. पामेरियन."

"राखण करतं?"

"नाही हो. घरात पाळतात त्याला."

"मग ह्येला काम काय?"

शिकून घरी बसलेल्या पोराकडं बघावं तसं तुम्ही त्याच्याकडं बघितलंत आणि पेटी उचलून आत गेलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचं खाणं मापाच्या वाटीनं काढत होते. तुम्ही माझ्यामागं येऊन अगदी हळू आवाजात विचारलंत, "बिमार हाय व्हय?" ते कोरडे तपकिरी दाणे तुम्हाला औषधाच्या गोळ्या वाटल्या होत्या. हे त्याचं जेवण आहे म्हटल्यावर तुम्ही एक दाणा उचलून तोंडात टाकलात, चावलात आणि अंगणात जाऊन थुंकून आलात. मला आलेलं हसू मी दाबलं. तुमच्या चेहऱ्यावर पिंजूबद्दल पहिल्यांदा दया दिसली ती तेव्हा.

तिथून आपलं सुरू झालं. मी म्हणायचे, नुसत्या भाकरीनं पोट भरेल, पण इतक्या केसांना जे लागतं ते मिळणार नाही. तुम्ही म्हणायचात, "आमच्या कुत्र्यांनी भाकरीवर लांडगं परतवलं." मी म्हणायचे, पिंजूला लांडगे परतवायचे नाहीत. तुम्ही म्हणायचात, "आत्ता न्हाय म्हन." शेवटी तह झाला. सकाळी माझे दाणे, संध्याकाळी तुमची अर्धी भाकरी, पाण्यात कुस्करून, वर उकडलेलं अंडं. आमटी घालायची नाही, कारण कांदा कुत्र्याला विषासारखा. हे मी सांगितलं आणि तुम्ही लगेच ऐकलंत. तुम्हाला कारण पटलं की तुम्ही पुन्हा विचारत नव्हता.

मग आलं ते वैशाखाचं ऊन. बहिणीच्या लग्नासाठी मी आठ दिवस लातूरला होते. परत आले, फाटक उघडलं, तर एक गुलाबी, बारीक, उंदरासारखं जनावर आनंदानं उड्या मारत माझ्याकडं धावत आलं. मी किंचाळलेच. शेपटीच्या टोकाला तेवढा पांढरा झुबका होता. तो तुम्ही मुद्दाम ठेवला होता, मला ओळखू यावं म्हणून!

तुम्ही पायरीवर उभे होता आणि तुमचा चेहरा इतका खूश होता की तो अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. "आदी धुतलं, वाळवलं, मग कातरलं," तुम्ही म्हणालात. "लई तगमग करत हुतं उन्हानं. एक वरखडा न्हाय अंगावर, बघ." आणि माझ्यापुढं धोतराच्या जुन्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं धरलंत. पिंजूचे सगळे केस. "मेंढरापरीस मऊ हाय. उशी हुईल तुला."

मी काय बोलले ते तुम्हाला माहीत आहे. पण मला ते पुन्हा एकदा लिहायचं आहे. मी म्हणाले, "मेंढी आहे का ही? कुणी सांगितलं होतं तुम्हाला? आजपासून याला हात लावायचा नाही तुम्ही. अजिबात हात लावायचा नाही!"

माझा आवाज पलीकडच्या गल्लीपर्यंत गेला असेल. सासऱ्यापुढं असा आवाज मी आधी कधी चढवला नव्हता. तुम्ही गाठोडं हळूच पायरीवर ठेवलंत आणि म्हणालात, "बरं."

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, या जातीचे केस मुळापासून कधी काढायचे नसतात. आतली मऊ लव आणि वरचे लांब केस मिळून थंडीसारखंच ऊनही अडवतात. परत येतील, पण वेळ लागेल, कधी कधी पहिल्यासारखे येतही नाहीत. घरी येऊन मी हे सगळं तुम्हाला शब्दन्‌शब्द ऐकवलं, जरा चवीनंच. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "म्हंजे आपुन बनियनवर बसायचं अन्‌ त्येनं घोंगडं पांघरून?" डॉक्टरांचं म्हणणं बरोबर होतं, मामा. आजही मी तेच म्हणेन. पण तुमच्या त्या एका प्रश्नापुढं ते कधीच पुरं पडलं नाही, आणि तुम्ही चुकलात हे तुमच्या तोंडून ऐकायचं माझं राहूनच गेलं.

माझा राग आठ दिवसांत उतरला. पिंजूचे केस दिवाळी उलटून गेल्यावर आले, पाठीवर थोडे राठ. आपण बोलतो ते मोकळे होतो आणि विसरून जातो. समोरच्यानंही विसरावं असं गृहीत धरतो. मी तर धरलंच होतं.

त्या दिवसांत पिंजू म्हणजे नुसता ताप होता. दूधवाला आला की भुंकायचा, स्कूटर गेली की भुंकायचा, गॅसवाल्याच्या पँटला तर त्यानं दातच लावले. मी फोनवर बघून बघून त्याला शिकवायची. "सिट, सिट, सिट, पिंजू सिट!" तुम्ही प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हे दोन दिवस ऐकलंत. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "किती बोलतीस गं. जनावराला एक सबूद पुरं. दुसऱ्यांदा बोललीस की पयला फुकट गेला."

आणि मग तुम्ही सुरुवात केलीत. सदऱ्याच्या खिशात भाकरीचे बारीक तुकडे. पिंजू भुंकायला लागला की तुम्ही दुसरीकडं बघायचात. श्वास घ्यायला तो थांबला रे थांबला की तुम्ही "हां" म्हणायचात आणि एक तुकडा त्याच्यापुढं टाकायचात. चार दिवस फक्त एवढंच. मग "हां" जरा उशिरा यायला लागलं. पंधरा दिवसांनी गल्लीतून स्कूटर गेली तर पिंजू आधी तुमच्याकडं बघायला लागला. मग "बस" झालं, "थांब" झालं, आणि जिभेनं टक्क आवाज केला की जिथं असेल तिथून धावत येणं झालं. संध्याकाळी तुम्ही कॉलनीच्या टोकापर्यंत फिरायला जायचात तेव्हा पिंजू दोरीशिवाय तुमच्या डाव्या पायाजवळून चालायचा. लोक फाटकात उभे राहून बघायचे. मी ग्रंथालयात सगळ्यांना सांगायची, "आमचे मामा हातसुद्धा लावत नाहीत त्याला. नुसत्या आवाजावर शिकवलंय!" किती मिरवलं मी ते वाक्य.

विंचरायला बसायचा तोही तुमच्यामुळं. आधी त्याला धरायला एक आणि विंचरायला एक अशी दोन माणसं लागायची. नंतर तुम्ही खुर्चीतून एकदा "थांब" म्हणायचात आणि तो अर्धा तास पुतळा. मी केसांचा भांग पाडून कातडीपासून एक एक थर मोकळा करायची, आणि तुमचं सुरू असायचं, "वरवर नगं, बुडातनं घे. फुडच्या पायाच्या काखंत बघ. तिथं गुंतलंय." आंघोळ घातली की, "पोटाखाली वलं ऱ्हायलंय, वास मारंल." मी चिडायची. मला वाटायचं, खुर्चीत बसून हुकूम सोडायला काय जातं? एवढं दिसतंय तर उठून जरा टॉवेल धरावा. हे मनात शंभरदा आलं आणि तोंडानं एकदाही बोलले नाही. सासऱ्याचा मान ठेवला म्हणे मी! त्या दिवशी बोलू नये ते बोलले आणि जे बोलायला हवं होतं तिथं मान ठेवत बसले.

येरमाळ्याची गोष्ट आठवते ना? येडेश्वरीचं दर्शन करून आपण हायवेवर चहाला थांबलो होतो. पट्टा कसा सुटला मला कळलं नाही. पिंजू पलीकडच्या कोंबड्यांकडं सुसाट निघाला आणि डावीकडून ट्रक येत होता. मला हाकसुद्धा मारता आली नाही. तुम्ही बाकावरून न उठता म्हणालात, "थांब." ओरडला नाहीत, घरी म्हणता तसंच म्हणालात. पिंजू डांबराच्या कडेला जागच्या जागी थांबला आणि ट्रक त्याच्या केसांवर धूळ उडवत गेला. मग तुम्ही उठून त्याच्यापाशी गेलात, वाकलात, आणि वाकूनच मला हाक मारलीत, "सूनबाई, ये. उचल त्येला." मी धावले. तुम्ही इतके जवळ असून का उचलत नाही, असं मनात आलं खरं. कंबर दुखत असेल, असं मीच ठरवलं. त्या दिवशी मी तुम्हाला धड 'बरं झालं तुम्ही होता' एवढंही म्हणाले नाही. आज म्हणते.

आणि तो व्हिडिओ. ह्यांची ड्यूटी संपवून यायची वेळ, तुम्ही अंगणात उभे, आणि पिंजू मागच्या दोन पायांवर उभा राहून तुमच्या धोतराशी नाचतो आहे. तुम्ही दोन्ही हात डोक्यावर धरलेत, नदीतून चालताना शिदोरी वर धरावी तसे, आणि हसता आहात. मी तो स्टेटसला ठेवला होता. खाली लिहिलं होतं, 'मामांना गुदगुल्या'. बावन्न जणांनी बघितला. त्यातल्या एकालाही ते हात वर का आहेत हे विचारावंसं वाटलं नाही. घरातल्याच माणसाला वाटलं नाही, तर त्यांना कुठून वाटणार?

मला हे सांगितलं भिवाअण्णांनी. तुमच्याबरोबर चाळीस वर्षं मेंढरं राखलेला माणूस, तुमच्या दिवसाला काठी टेकत आला. पिंजूला आम्ही गाडीतून नेलं होतं. जेवणं उरकल्यावर तो अण्णांच्या पायाशी जाऊन बसला. अण्णांनी हात पाठीमागं घेतले आणि मला विचारलं, "बाई, ह्येची धनीन तुमीच न्हवं? लावू का हात?"

मी म्हणाले, "लावा की अण्णा. विचारताय काय?"

"इचारावं लागतंय. आमच्या मेंढरांच्या वाड्यावर दुसऱ्याच्या कुत्र्याला कुनी हात लावत न्हाय. समद्यांच्या हाताची सवय लागली तर त्ये राखनीला ऱ्हात न्हाय. धन्यानं सोताच्या हातानं उचलून आपल्या हातात दिलं, तरच लावायचा." मग ते हसले. "दगडू तुमचं लई सांगायचा. म्हनायचा, माझी सून लई पक्की. एकदा म्हनली हात लावायचा न्हाय, तवापास्नं म्या बोट लावलं न्हाय. कुत्रं पाळावं तर असं, म्हनायचा."

मामा, मी त्यांना ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. भिवाअण्णांना वाटलं, मला तुमची आठवण आली.

मी त्या दिवशी तुमचा अपमान केला होता. तो अपमान आहे हे मला बोलतानाही माहीत होतं. तुम्ही मात्र त्यात एका धनिणीची ताकीद ऐकलीत आणि अडीच वर्षं ती पाळलीत. वर माझं कौतुक करत राहिलात. कानामागची गाठ तुम्हाला आधी दिसायची, कारण तुम्ही दिवसभर बघत असायचात. सोडवायला हात शिवशिवत असतील. ज्या हातांनी हजारो मेंढरं कातरली ते मांडीवर ठेवून तुम्ही मला सांगत बसायचात, इथं बघ, तिथं बघ, आणि मी करवादायची. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मला वाटलं तुमचं दोघांचं काही ठरलंय." घरातल्या पुरुषांना कायम काहीतरी वाटत असतं.

वस्तीवरून परत येताना मी गाडीत रडले. लाज वाटली म्हणून रडले, आणि तुम्ही मला कधी वाईट समजलाच नाहीत म्हणूनही रडले. पिंजू माझ्या मांडीवर होता. मी तेव्हापासून एकच शोधते आहे. मी तुम्हाला तो कधी हातात दिला होता का? एकदा तरी? सणावाराला, फोटो काढताना, कधीतरी? फोनमधले सगळे फोटो बघून झाले. एकातही नाही.

आणि आज ती कानामागची गाठ सोडवताना एकदम तुमची ती शेवटची सकाळ आठवली.

तुम्हाला दोन दिवसांपासून थकवा होता. डॉक्टरांनी गोळ्या देऊन पडून राहायला सांगितलं होतं. तुम्ही पुढच्या खोलीत खाटेवर उशीला टेकून बसला होता. पिंजूला वर्षाची लस टोचायला न्यायचं होतं आणि मला उशीर झाला होता. खांद्याला पर्स, दातात त्याचं लसीचं कार्ड, काखेत पिंजू, आणि स्कूटीची किल्ली सापडत नव्हती. अंगण नुकतंच धुतलं होतं, खाली सोडला तर पाय भरवून घेणार. मी कार्ड टेबलावर टाकलं आणि म्हणाले, "मामा, धरा हो जरा याला."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "म्या?"

"मग कोण? धरा."

आणि मी त्याला तुमच्या हातात दिला.

मी फ्रिजवर बघितलं, पेपर उचकटले, ह्यांच्या पँटचे खिसे तपासले. मागं तुम्ही पिंजूशी काहीतरी हळू हळू बोलत होता. काय ते मी ऐकलं नाही, माझं लक्ष नव्हतं. एकदा वळून बघितलं तेव्हा तुमची बोटं त्याच्या मानेच्या केसांत पेरापेरापर्यंत गेली होती आणि त्यानं डोळे मिटून घेतले होते. तुम्ही म्हणालात, "चांगली आलीय की गं लोकर." मी म्हणाले, "आली एकदाची." तुम्ही हसलात. मग मी, "द्या इकडं, नंबर जाईल," म्हणून हात पुढं केले. तुम्ही लगेच दिलात.

जनावरांच्या दवाखान्यात रांग होती. आमचा नंबर यायच्या आत शेजारच्या काकूंचा फोन आला.

किल्ली माझ्याच पर्समध्ये होती, मामा. ती मला इतक्या लवकर सापडायला नको होती.